रुंद चाकांचा सोस



बैलगाडीच्या काळी चाकाचा घेर, आऱ्यांची संख्या आणि लोखंडी धावेची रुंदी ही सुतार-लोहार मिळून ठरवीत असत. ठरविताना माल किती, जमीन कशी आणि बैल कोणते, या तिहींचा विचार होई. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉईड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवा भरलेली रबरी धाव बसविली आणि चाकांचे युगच पालटले. परंतु चाक हे ओझे, रस्ता व वेग यांना शोभेसे असावे, हा जुना न्याय मात्र पालटलेला नाही. हल्ली मोटार घरी येते न येते तोच कारखान्याची चाके उतरवून बाजारातील रुंद, चकचकीत चाके चढविण्याचा जो सोस दिसून येतो, त्यात नेमका हाच न्याय विसरला जातो, असे माझे मत आहे.

रुंद चाकांचा पक्ष अगदीच निराधार आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टायरची बाजूची भिंत बुटकी असली की वळणावर ती कमी वाकते, स्टिअरिंगचा हुकूम चाक लवकर मानते आणि कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर पकड सुधारते. कित्येक कारखानेच आपल्या महाग आवृत्त्यांना रुंद टायर देतात. तथापि ते कसे देतात, हे पाहण्याजोगे आहे.

टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे काही लिहिलेले असते. त्यात १८५ ही मिलिमीटरांतील रुंदी. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ६५. ‘आर’ ही रेडियल बांधणी. १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ या अंकाचा अर्थ एका टायरने ५६० किलो भार सोसावा. आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. मारुती सुझुकीच्या स्विफ्ट मोटारीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना १६५/८० आर १४ व १८५/६५ आर १५ अशी दोन मापे आढळतात. आता पाटी-पेन्सिल घ्या. पहिल्याची भिंत १३२ मिलिमीटर. तिची दुप्पट २६४. त्यात १४ इंचांचे ३५५.६ मिळविले की एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर. दुसऱ्याचा याच रीतीने ६२१.५ येतो. टायर वीस मिलिमीटर रुंद झाला, पण चाकाची उंची दोन मिलिमीटरसुद्धा वाढली नाही! याउलट नुसते डोळ्यांना भरते म्हणून कोणी २०५/६५ आर १५ चढविला, तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे शेकडा चाराहून अधिक वाढतो. वेगमापकाचा मूळ हिशेब अचूक धरला, तर काटा ८० दाखवील तेव्हा मोटार ८३ च्या वेगाने धावत असेल.

दुसरी गोष्ट रिमची. रिमची मध्यरेषा आणि चाक जेथे मोटारीला टेकते ती बाजू, यांतील अंतरास ऑफसेट म्हणतात. साडेपाच इंच रुंदीच्या रिमऐवजी सात इंचांची घातली व ऑफसेट तोच ठेवला, तर रिम सुमारे १९ मिलिमीटर आत सरकते आणि तितकीच बाहेर येते. आत स्प्रिंग, बाहेर मडगार्ड! एकटा मालक चालवीत असता काही जाणवत नाही. घरची पाच माणसे व सामान घेऊन निघाले, की टायर घासू लागतो. शिवाय १९५/५५ आर १६ च्या टायरवर पुष्कळदा ८७ हा अंक असतो, म्हणजे ५४५ किलो. दिसायला दांडगा, पण भार सोसण्यास आधीच्यापेक्षा पंधरा किलोंनी उणा! यालाच नाकापेक्षा मोती जड म्हणावयाचे.

तिसरी व माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पावसाची. एका चाकावर ३०० किलो भार आणि टायरमध्ये चौरस सेंटिमीटरला २.३ किलो दाब असेल, तर जमिनीला टेकणारा तुकडा सुमारे १३० चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे हाताच्या पंजाएवढाच असतो. दाब तोच ठेवून टायर रुंद केला, तर हा तुकडा फारसा वाढत नाही. तो आडवा पसरतो व लांबीला आखूड होतो. त्यामुळे त्याला समोरचे पाणी अधिक रुंदीवर आणि थोड्या वेळात बाजूला सारावे लागते. ते साधले नाही की चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी होतात. बेळगावहून आंबोलीने वा चोर्ल्याच्या घाटाने कोकण-गोव्यात उतरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरून कसे चालेल? बुटक्या भिंतीचा टायर खड्ड्यात आपटला की धक्का थेट रिमला बसतो, हेही आपल्या रस्त्यांवर ध्यानी ठेवावे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील कारखान्याचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे.

मग रुंद टायर घेऊच नये काय? घ्यावा, पण त्याच मोटारीच्या वरच्या आवृत्तीला कारखान्याने जे माप दिले आहे, तेवढ्यापुरताच. व्यास जुळावा, भाराचा अंक मूळच्याहून कमी नसावा, रिमची रुंदी त्या टायरला मान्य असावी आणि चारही चाके सारखी असावीत. बसविल्यावर माणसे भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण फिरवून पाहावे. आणि एवढे करण्यास पैसे पुरत नसतील, तर मूळ मापाचेच चांगले नवे टायर घ्यावेत. झिजलेल्या टायरवर चमकदार रिम चढविण्यापेक्षा ते शतपटीने शहाणपणाचे होय.

घरात चाकांची बोलणी निघाली, की वडीलधाऱ्यांपुढे मुलांनी बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु शेकडेवारी व व्यास तुम्ही शाळेत ताजे शिकत आहात. दुकानात जाण्यापूर्वी टायरच्या कडेवरील आकडे उतरवून घ्या, हिशेब मांडा आणि तो कागद नम्रपणे बाबांच्या हाती द्या. त्या मोटारीत आई, आजी आणि धाकटी भावंडे बसणार आहेत.