चव वेगळी, इथेनॉल तेच

जानेवारी उजाडला की नाशिक परिसरातल्या वायनरींमध्ये द्राक्षांची काढणी सुरू होते आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्यांची संख्याही वाढते. द्राक्षे पायांनी तुडवण्याचा कार्यक्रम, मळ्यातले जेवण आणि पाच-सहा प्रकारच्या वाईन थोड्या थोड्या चाखण्याचे ‘टेस्टिंग’ हा आता सुट्टीचा रूढ बेत झाला आहे. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींमध्येही तसेच चित्र दिसते. तिथेच बनलेली गव्हाची बिअर, भाजलेल्या धान्याची काळपट स्टाउट, कडवट आयपीए, शिवाय मधापासून बनवलेले मीड. अशा ठिकाणी ‘दारू’ हा शब्द फारसा कुणी उच्चारत नाही. बोलणे असते ते चवीचे, सुगंधाचे आणि कशाबरोबर काय प्यावे याचे.

या बदलाला सरकारी धोरणाचाही हातभार आहे. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळे धोरण आणले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि निर्णय अमलात आला नाही. जून २०२५ मध्ये राज्याने विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क बरेच वाढवले, पण बिअर आणि वाईन या वाढीतून वगळल्या. २०२२ च्या वादात ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असे विधान राजकीय व्यासपीठावरून झाले होते. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळावा हा मुद्दा रास्त आहे. पण त्या विधानाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही, आणि नेमकी हीच समजूत आज अनेक सुशिक्षित घरांत रुजली आहे.

चवीतला फरक मात्र खरा आहे, हे आधी मान्य करायला हवे. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातो. नाशिकला तो तसा जात नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. फळ हिवाळ्यात पिकते. त्या वेळी दिवस उबदार आणि रात्री थंड असल्याने द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकून राहतो. नाशिकची शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी वाईन आणि शिराझ ही लाल वाईन यांची ओळख त्यातून घडली. बिअरमध्ये हेच काम धान्य, हॉप्स आणि यीस्ट करतात. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो, पण तिच्यात केळे नसते. तिथले विशिष्ट यीस्ट साखर आंबवताना आयसोअमाइल अॅसिटेट नावाचे संयुग तयार करते, त्याचा तो वास. स्टाउटला कॉफीसारखी चव येते ती खरपूस भाजलेल्या मॉल्टमुळे.

पण यीस्ट साखरेपासून सुगंधाबरोबरच, आणि त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात, इथेनॉल बनवते. जीभ चव ओळखते. यकृताला मात्र समोरचे इथेनॉल नाशिकच्या मळ्यातून आले की देशी दारूच्या बाटलीतून, हे कळत नाही. त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो, किती ग्रॅम?

हे गणित सोपे आहे. मिलिलिटरला मद्याच्या टक्केवारीने गुणायचे, शंभराने भागायचे आणि ०.७९ ने गुणायचे. ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम इथेनॉल असते. १३ टक्के वाईनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात १५ ग्रॅम. ५ टक्के बिअरच्या ३३० मिलिलिटरमध्ये १३ ग्रॅम. ७ टक्क्यांच्या कडक आयपीएचा अर्धा लिटरचा मग मात्र २७ ग्रॅमच्या पुढे जातो आणि ८ टक्के स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ४१ ग्रॅमवर, म्हणजे चार लहान पेगांवर. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणारा माणूस त्यामुळे व्हिस्की पिणाऱ्याच्या पुढे गेलेला असू शकतो. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतले, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिमद्यपान म्हणते. कडक आयपीएचे दोन मग आणि वर एक लहान पेग झाला की ती रेषा ओलांडली जाते.

आता हृदयाबद्दल. रेड वाईन हृदयाला चांगली, ही समजूत १९९१ च्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमातून जगभर पसरली. फ्रेंच लोक लोणी आणि चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकार कमी का, असा तो प्रश्न होता. उत्तर म्हणून रेड वाईन पुढे आली आणि नंतर तिच्यातले रेस्व्हेराट्रॉल. पण हे द्रव्य वाईनमध्ये इतके अल्प असते की प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना दिलेली मात्रा गाठायला ती पिंपाने प्यावी लागेल. थोडे पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसतात, असे अनेक पाहण्यांत आढळले होते. त्यातली एक गोम नंतर लक्षात आली. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात होते. शिवाय बेताने पिणारे लोक बहुधा सुस्थितीतले, नीट खाणारे आणि वेळेवर डॉक्टर गाठणारे होते.

हा गुंता सोडवायला चीनमधला एक मोठा अभ्यास उपयोगी पडला. पूर्व आशियातल्या अनेकांमध्ये असा जनुकीय बदल असतो की थोडी दारू घेतली तरी चेहरा लाल होतो आणि अस्वस्थ वाटते, म्हणून हे लोक जन्मतःच कमी पितात. अशा जनुकांच्या आधारे तुलना केल्यावर बेताच्या मद्यपानाने पक्षाघातापासून संरक्षण मिळते असे दिसले नाही. मद्य वाढेल तसा रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका वाढतच गेला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले.

वाद पूर्ण मिटला आहे असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालात बेताने पिणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचे प्रमाण काहीसे कमी आढळल्याचे म्हटले आहे. त्याच अहवालात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही नमूद आहे. यातून निघणारा व्यवहारी अर्थ एवढाच की औषध म्हणून कुणी वाईन सुरू करू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सुमारे १९ टक्के पुरुष आणि जेमतेम १ टक्का स्त्रिया मद्य घेतात. न पिणाऱ्या बहुसंख्यांना त्यांच्या सवयीत बदल करण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नाही.

कर्करोगाबाबत तर पुरावा जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन या सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. इथेनॉलपासून शरीरात बनणारे अॅसिटाल्डिहाइड पेशींच्या डीएनएला इजा करते. सोबत तंबाखू, मावा, गुटखा किंवा सिगारेट असेल तर तोंड आणि घशाचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. आपल्याकडच्या तंबाखूच्या सवयी पाहता हा मुद्दा इथे युरोपापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो.

आयर्लंडने २०२३ मध्ये बाटलीवर कर्करोगाचा इशारा सक्तीचा करण्याचा नियम केला. उद्योगाच्या विरोधानंतर त्याची अंमलबजावणी २०२८ पर्यंत पुढे ढकलली गेली. भारतात बाटलीवर मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा असतो, पण कर्करोगाचा उल्लेख नसतो. नळावरून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरला तर बाटलीच नाही, मग इशारा लावणार कुठे? तिची टक्केवारी मेन्यूकार्डावर छापलेली असेल तरच कळते. प्रत्येक मेन्यूकार्डावर मद्याची टक्केवारी आणि एका ग्लासातले इथेनॉलचे ग्रॅम छापणे उत्पादन शुल्क विभागाने बंधनकारक केले, तर त्याला खर्च जवळजवळ शून्य येईल. शुल्कवाढीतून बिअर-वाईन वगळून सरकार लोकांना या पेयांकडे वळवणार असेल, तर एवढी माहिती देणे त्याचे कर्तव्यच आहे.

सर्वांत तातडीचा धोका मात्र परतीच्या रस्त्यावर असतो. टेस्टिंगमध्ये ३० मिलिलिटरचे सहा नमुने घेतले की १८ ग्रॅम इथेनॉल पोटात गेलेले असते. जेवणाबरोबर एक ग्लास झाला की ३३-३४ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकाली काढते. म्हणजे हिशेब पुरा व्हायला साडेतीन ते पाच तास लागतात. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सडपातळ व्यक्ती, विशेषतः स्त्री, केवळ ‘चाखण्या’ने ती ओलांडू शकते. त्याच अवस्थेत कसारा किंवा चंदनापुरी घाट उतरणाऱ्याला आपण शुद्धीत आहोत असेच वाटत असते. ज्याच्या हातात चाक आहे त्याने काहीच घेऊ नये, किंवा मुक्काम करावा.

काही जणांनी तर चव पाहण्याच्या मोहातही पडू नये. गरोदर स्त्रिया, यकृताचा आजार किंवा स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले रुग्ण, पूर्वी व्यसनातून बाहेर पडलेले लोक हे त्यात येतात. क्षयरोगाची औषधे आधीच यकृतावर ताण आणतात, त्यात मद्याची भर नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्यानंतर कित्येक तासांनी, झोपेतही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. झोपेच्या गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास श्वास मंदावतो. ज्यांना सोनोग्राफीत फॅटी लिव्हर सांगितले आहे, त्यांनी ‘बिअरने काय होते’ या भ्रमात राहू नये. एका ग्राम इथेनॉलमधून ७ कॅलरी मिळतात, त्या वेगळ्याच.

ज्यांना तरीही या पेयांची ओळख करून घ्यायची आहे, त्यांनी व्यावसायिक चाखणाऱ्यांकडून एक गोष्ट शिकावी. ते ग्लास फिरवून वास घेतात, घोट तोंडात घोळवतात आणि थुंकतात. वायनरीत त्यासाठी भांडे ठेवलेले असते, मागितले तर कुणी हसत नाही. केळ्याचा, लवंगेचा, पेरूचा सुगंध नाकाने आणि जिभेने कळतो, त्यासाठी गिळावे लागत नाही. मायक्रोब्रुअरीत मगाऐवजी लहान नमुना मागावा आणि ऑर्डर देण्याआधी टक्केवारी विचारावी. आधी पोटभर जेवावे, मध्ये पाणी प्यावे. हलकी गव्हाची बिअर आणि कडक आयपीए यांत चवीबरोबर ग्रॅमचाही फरक आहे, हे लक्षात ठेवावे. आठवड्याची कसर शनिवारी भरून काढू नये. आणि टेबलावर कुणी ‘नको’ म्हटले, तर त्याला कारण विचारू नये. त्याच्या खिशात कसली गोळी आहे किंवा त्याच्या घरात काय घडून गेले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.