नियम कोणाचे, नियामक कोण? ग्रामसभेविषयीचे दोन सोयीस्कर गैरसमज

१/ वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा घ्या, नाहीतर महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही गाव. ग्रामसभेच्या दिवशी तेथे एका व्यक्तीला अवघड जागी बसावे लागते. कोणी आधी बोलावे, कोणाला थांबवावे, कोणता विषय पुढे ढकलावा, हे तिने ठरवायचे असते. सभा संपते तेव्हा दोन्ही बाजू तिच्यावर रुष्ट असतात. या कामाला मोठा इतिहास आहे. तो बहुधा चुकीचा सांगितला जातो.

२/ पहिला गैरसमज असा की, जुनी गावे ही समतेची प्रजासत्ताके होती. तेथे सर्वांना वाचा होती, इंग्रज आले आणि सारे बिघडले. दुसरा त्याच्या उलट : बोलणाऱ्याला अडवणारा प्रत्येक नियामक स्वातंत्र्याचा शत्रू असतो. दोन्ही विधाने ऐकायला गोड आहेत. पुरावा मात्र दोन्हींच्या विरोधात जातो.

३/ सुरुवात वऱ्हाडातूनच करू. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, वत्सगुल्म. दुसऱ्या शाखेच्या द्वितीय प्रवरसेनाचा पाचव्या शतकातील ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडला. त्यात एक गाव हजार ब्राह्मणांना दान दिले आहे. खरी गंमत दानाच्या अटींत आहे.

४/ राज्याशी द्रोह करू नये, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. हे केले, किंवा अशा कृत्याला संमती दिली, तर राजाने जमीन परत घेतल्यास ती चोरी ठरणार नाही. म्हणजे सभासदत्वाबरोबर आचारसंहिता, आणि तिचा भंग झाल्यास काय होणार तेही आधीच तांब्यावर कोरलेले.

५/ हा राजा लोकशाहीवादी होता असे कोणी म्हणणार नाही. पण शिक्षेची कारणे शिक्षेच्या आधी लिहून ठेवावीत, ही समज त्याला होती. पंधराशे वर्षांनंतरही अनेक समूहांत आधी माणूस काढला जातो आणि कारण मागाहून शोधले जाते.

६/ आता मराठेशाहीतील गोतसभा. वतनाचा किंवा शिवेचा तंटा आला की पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत. दोन्ही पक्षांकडून तकरीरी, म्हणजे लेखी कैफियती, घेतल्या जात. निवाडा मान्य करू असा राजीनामा लिहून घेतला जाई. आज पद सोडण्याच्या पत्राला लावला जाणारा हा शब्द तेव्हा संमतीचा होता.

७/ निवाड्याच्या महजरावर उपस्थितांच्या निशाण्या होत : पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली अवजारे. हरणाऱ्याकडून येजितखत घेतले जाई. न्याय मिळाला नाही असे वाटल्यास थळ बदलून मागता येई, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या गोतापुढे तंटा नेता येई. पद्धत म्हणून ही व्यवस्था आजच्या कित्येक सभांना लाजवील अशी होती.

८/ पण येथेच थांबून ‘पाहा आमची प्राचीन लोकशाही’ असा जयघोष करणे ही अर्धसत्याची विक्री आहे. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, आणि साक्ष देऊन झाल्यावर तोच महार वेशीबाहेर परते. त्याच्या शब्दावर शीव ठरे. पाणवठ्यावरचा त्याचा हक्क मात्र ठरत नसे.

९/ चार्ल्स मेटकाफने १८३० मध्ये भारतीय गावांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली आणि पुढे ती अनेकांना प्रिय झाली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी मेटकाफचा उल्लेख करूनच हे गौरवगान नाकारले आणि व्यक्ती हाच घटनेचा घटक मानला, याचे समाधान व्यक्त केले. गावाच्या नियमनाची झळ ज्याला बसली होती, त्याचे हे मत होते.

१०/ त्या नियमनाचे सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे वाळीत टाकणे. ते केवळ दुर्बळांवर चाले असेही नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहापान झाले. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली आणि ग्रामण्य पेटले. पाहुण्यांत रानडेही होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. मूळ अपराध काय, तर एक पेला चहा.

११/ म्हणून नियामकच नको, असे म्हणावे काय? त्याचे उत्तर सुरत देते. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. तेथे जहालांचा जोर दिसताच ते सुरतेला हलवले गेले. टिळकांनी बोलण्याची सूचना लेखी दिली होती. तिला उत्तर मिळाले नाही. २७ डिसेंबरला ते व्यासपीठावर उभे राहिले तेव्हा अध्यक्ष रासबिहारी घोष यांनी त्यांना बोलू दिले नाही.

१२/ मग सभेतून एक जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला. दुभंगलेली काँग्रेस १९१६ मध्ये लखनौला पुन्हा एकत्र आली. दोष कोणा एकाचा नव्हता. अध्यक्षांचा अधिकार अर्ध्या सभेला पक्षपाती वाटत होता, आणि उरलेल्या अर्ध्या सभेला विरोधकाचे बोलणे हाच गोंधळ वाटत होता. विश्वास गमावलेल्या नियामकाच्या हातची घंटा निरुपयोगी असते.

१३/ तिसरी शक्यता आणखी वाईट : नियम चांगला, पण नियामक भित्रा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी लोक खरोखरच चवदार तळ्याचे पाणी प्यायले, आणि त्यांच्यावर हल्ला झाला.

१४/ त्यानंतर नगरपालिकेने काय केले? हल्लेखोरांना आवरण्याऐवजी त्याच वर्षी आपला ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले. ‘दोन्ही बाजूंनी शांतता राखावी’ असे म्हणणारा तटस्थ माणूस बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या सोयीचा ठरतो, हे महाडने दाखवून दिले.

१५/ या सर्व प्रसंगांतून कसोट्या निघतात. नियम आधी लिहिलेला असावा. निर्णयाचे कारण सांगितले जावे. दाद मागायला दुसरे थळ असावे. नियामक स्वतः त्याच नियमाने बांधलेला असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्यांच्यावर नियम चालतो त्यांना तो ठरवण्यात स्थान असावे. गोतसभेत यांतील काही होते, शेवटचे नव्हते. म्हणून ती अभ्यासाचा विषय आहे, पूजेचा नाही.

१६/ आजचा कायदा या कसोट्यांच्या बराच जवळ येतो. महाराष्ट्रात ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी गणपूर्ती लागते. तिच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. वाळीत टाकणे हा २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

१७/ तरी एक फट उरतेच. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. लोक आले नाहीत तर मूठभर माणसे ठराव करतात आणि तो साऱ्या गावाचा म्हणून नोंदला जातो. इतिवृत्तात काय लिहिले गेले, हे घरी बसलेल्याला वर्षानंतर कळते. तेव्हा तो सरपंचाला शिव्या देतो.

१८/ गोतसभेतील बलुतेदार महजरावर आपल्या अवजाराची निशाणी करून त्या निवाड्याची जबाबदारी घेत असे. ज्याला आज सही करता येते आणि सभेला जाताही येते, त्याने जुन्या गावाच्या लोकशाहीवर अभिमानाने लिहिण्याआधी एवढेच तपासावे : आपल्या गावच्या मागील ग्रामसभेच्या उपस्थिती वहीत आपली सही आहे काय?