दोष पट्टीचा नव्हे, सिग्नलचा

लग्नसराई आणि सणासुदीच्या दिवसांत रोषणाईची कामे करणाऱ्या कारागिरांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. रंग बदलणारी एलईडी पट्टी दुकानात झकास चालते. मांडवात लावली की लुकलुकते, भलतेच रंग दाखवते. गिऱ्हाईक कारागिरावर संतापते, कारागीर दुकानदाराशी भांडतो आणि चांगला रोल परत केला जातो. आमच्या मते यात अनेकदा पट्टीचा दोषच नसतो.

हिशेब साधा आहे. डब्ल्यूएस२८१२बी ही पट्टी ५ व्होल्टवर चालते. तिच्या मूळ माहितीपत्रकाप्रमाणे सिग्नल पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट असला तरच तो पक्का धरला जातो. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचा सिग्नल देतो, तेथे अडचण नाही. परंतु वायफायच्या सोयीसाठी आपण वापरतो ते ईएसपी३२ फक्त ३.३ व्होल्ट देते. मग दुकानात पट्टी चालते कशी? लहान चार्जरवर पुरवठा ४.६ व्होल्टपर्यंत उतरला, तर हद्दही ३.२२ वर येते आणि काम निभावते. मांडवात दमदार पुरवठा मिळताच तीच पट्टी बिघडते. याला नशीब म्हणावे, कारागिरी नव्हे.

इलाज एका आयसीचा आहे: ७४एएचसीटी१२५. तिला ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा. २ व्होल्टच्या वरचा सिग्नल ती ओळखते आणि पुढे ५ व्होल्टचा करून देते. खरेदी करताना ‘टी’ अक्षर पाहून घ्यावे. ७४एचसी१२५ घेतली तर तिलाही ३.५ व्होल्टच लागतात, म्हणजे पैसे पाण्यात. मॉस्फेटचे तयार लेव्हल कन्व्हर्टरही मिळतात. पण ते सावकाश चालणाऱ्या कामासाठी आहेत. या पट्टीत सेकंदाला ८ लाख बिट धावतात, तेथे त्यांचा भरवसा धरू नये. आयसीची इनेबल पिन ग्राउंडला जोडावी, पट्टी व कंट्रोलर यांचे ग्राउंड एकच ठेवावे, आणि सिग्नलच्या तारेत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर घालावा. पहिला एलईडी सिग्नल नव्याने घडवून पुढे पाठवतो, म्हणून एका पट्टीस सुरुवातीला एकदाच हे केले की पुरे.

रोलच्या किमतीपुढे या आयसीची किंमत किरकोळ आहे. तरीही कमी भाव देऊन काम मिळवण्याच्या नादात हीच वस्तू प्रथम गाळली जाते, हे आम्हांस पटत नाही. व्यापारी बंधूंनी पट्टीसोबत ही आयसी स्वतःहून दाखवावी. कारागिरांनी ती अंदाजपत्रकात उघड लिहावी. भर समारंभात एकदा दिवे फसले, तर पुढच्या हंगामाचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात उभे राहते. ते नुकसान कोणत्याही रोलच्या बदलीने भरून निघत नाही.