चूल वेगळी, छप्पर एक



सुट्टीआधीच्या अंकात आपण एरवी मुलांच्या चित्रांचा निकाल, फराळाचे फोटो आणि नव्या वर्षाचे वेळापत्रक देतो. या वेळी ते सगळे मागच्या पानांवर गेले आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी झालेला नाताळ मेळावा आणि त्यात अध्यक्षांनी वाचून दाखवलेला ठराव यांबद्दल इतके फोन आणि निरोप आले, की कार्यकारिणीने आपली बाजू लेखी मांडावी असे सर्वानुमते ठरले.

गणेशोत्सवाच्या हॉलचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळत नाही. विसर्जनाच्या रात्री हॉल ज्या अवस्थेत परत गेला त्यावरून आपली अनामत रक्कम कापली गेली. ढोलपथकाचे म्हणणे, स्वयंपाकघर आमच्याकडे नव्हते. भोजन समितीचे म्हणणे, किल्ली आमच्याकडे नव्हती. दोन्ही बाजूंना आपापले समर्थक मिळाले, कोजागरी झालीच नाही आणि दिवाळी दोन वेगवेगळ्या ठिकाणी झाली. ठराव एवढाच आहे: कापली गेलेली रक्कम कोणाकडूनही वसूल करायची नाही, दोष कोणाचा याची चौकशी बंद करायची, आणि संक्रांतीपासून दोन्ही गटांनी पुन्हा एकत्र कामाला लागायचे.

आक्षेप असा, की पैसे सभासदांचे आहेत, ते माफ करणारी कार्यकारिणी कोण? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही रक्कम खर्च म्हणून हिशेबात दिसेल, वार्षिक सभेत वाचली जाईल आणि सभेला ती नामंजूर करण्याचा पूर्ण अधिकार राहील. वहीत आकडा राहील. त्याच्यासमोर नाव मात्र लिहायचे नाही, एवढेच आम्ही ठरवले. चौकशी चालू ठेवली असती तर फार तर एक नाव हाती लागले असते आणि त्या नावाबरोबर निदान चार घरे मंडळ सोडून गेली असती.

दुसरा आक्षेप, हा ठराव नाताळच्या कार्यक्रमात का वाचला? कारण तो तिथूनच सुचला. आपल्याकडची सोलापूरची ख्रिस्ती कुटुंबे ऑक्टोबरपासून म्हणत होती, की यंदा नाताळ मंडळाच्या छताखाली करू. तयारीच्या बैठकीत त्यांच्यातल्या एका ज्येष्ठ काकूंनी सहज सांगितले, की त्यांच्याकडे नाताळच्या प्रभुभोजनाला बसण्याआधी पाळक आठवण करून देतात: कोणाशी अबोला असेल तर आधी त्याच्या दारी जाऊन या, मग मेजाजवळ या. मत्तयाच्या शुभवर्तमानातली शिकवणही तीच आहे. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग परत ये. काकू पुढे म्हणाल्या, की लहानपणी आई त्यांना करंज्यांचे ताट देऊन नेमकी त्याच घरी पाठवायची, जिथे वर्षभर कोणी गेलेले नसायचे. बैठकीत त्यावर कोणी काही बोलले नाही, पण ठरावाचा मसुदा त्याच रात्री तयार झाला.

तिसरा आक्षेप कोणी थेट लिहून कळवला नाही, तरी तो आमच्या कानावर आला आहे. नाताळ तर इथे गल्लोगल्ली असतो, मराठी मंडळाने तो कशाला करायचा? याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

मेळाव्याला जे आले त्यांनी ऐकले, की तिथे इंग्रजी कॅरोल एकच झाले, तेही मुलांचे. बाकी सगळी भजने होती, ढोलकी आणि झांजेवर, अभंगाच्या चालीत. ही परंपरा कालपरवाची नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 मध्ये अहमदनगरला आले आणि पुढे सोलापुरातही त्यांचे काम उभे राहिले. मिशनचे नियतकालिक ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये सुरू झाले, म्हणजे लोकमान्य टिळक-आगरकरांच्या ‘केसरी’आधी जवळजवळ चाळीस वर्षे. नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी येशूचे चरित्र कीर्तनाच्या गादीवर आणले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भक्तिगीतांचे एवढे भांडार मागे ठेवले, की आजही मराठी उपासना त्याशिवाय पुरी होत नाही. आपण तुकारामांचे बोट धरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची स्वतःची भावना होती. हा वारसा सोलापूर-नगरच्या ख्रिस्ती घरांचा आहे, तितकाच तो मराठी म्हणून आपला सगळ्यांचा आहे. मंडळाने तो जपला नाही तर या देशात तो कोण जपणार?

टिळकांचा विषय निघाला आहे तर त्यांच्या घरातली गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ठरावामागचा विचार त्या गोष्टीजवळचा आहे. (हे उदाहरण धर्मांतराच्या बाजूने किंवा विरोधात दिलेले नाही. या विषयावर सभासदांची भिन्न मते आहेत आणि मंडळ त्या सर्वांचा आदर करते.)

टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा जवळ नव्हत्या. कर्मठ ब्राह्मण घरातल्या त्या काळच्या बाईला नवऱ्याचे असे जाणे म्हणजे जिवंतपणी आलेले वैधव्य होते. लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. यातला मोठा काळ गेला तो पंढरपुरात, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यातच. ताटातूट चार-पाच वर्षे चालली. आसपासची माणसे दोन्ही बाजूंनी सल्ले देत होती, आणि सल्ला देणाऱ्यांपैकी कोणालाच त्या घरात राहायचे नव्हते.

पुढे लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे गेल्या. आपल्याला महत्त्वाचे वाटते ते इथून पुढचे. त्या गेल्या त्या सोवळे-ओवळे घेऊनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. ज्या नवऱ्याने जात सोडली, त्याच्याच घरात त्या जात पाळत राहत होत्या आणि टिळकांनी ते राहू दिले. तू आलीस म्हणजे माझे पटले, असे त्यांनी धरले नाही. मी आले म्हणजे तुमचे सगळे मान्य, असे लक्ष्मीबाईंनीही म्हटले नाही. वेगळ्या चुलीसकट संसार पुन्हा सुरू झाला. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना पटले ते नंतर, आपल्याच विचाराने आणि आपल्याच वेळी. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक 1919 मध्ये गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्नाच्या वेळी अक्षरओळखही नव्हती. आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी नवऱ्याचा विक्षिप्तपणा, राग, उधळेपणा, काही म्हणून झाकले नाही. पान उलटताना रागही दिसतो आणि मायाही.

क्षमेबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एका क्षणाची कल्पना करतो. दोघे भेटले, डोळे भरून आले, मिटले सगळे. टिळकांच्या घरात तसे झाले नाही. आधी एक छप्पर आले, चूल एक व्हायला पुढे वेळ लागला. आमच्या ठरावातही याहून जास्त मागितलेले नाही. ढोलपथकाने भोजन समितीची माफी मागावी असे त्यात कुठे लिहिलेले नाही, आणि भोजन समितीने झाले गेले विसरावे असेही नाही. एका हॉलमध्ये या. हवे तर वेगळ्या टेबलांवर बसा.

काही सभासदांनी, विशेषतः भगिनींनी, एक मुद्दा कळवळून मांडला आणि तो आम्हांला पूर्ण मान्य आहे. क्षमा करा, असा उपदेश नेहमी ज्याचे नुकसान झाले त्यालाच केला जातो. याची आठवण सोलापूरकरांनी तरी ठेवावी. 1871 च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेल्या आणि पुढे सोलापुरातही अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. ‘सेटलमेंट’ म्हटले की आजही सोलापुरात जागा सांगावी लागत नाही. काही वर्षे तिचा कारभार मिशनकडेही होता. तिथे शाळा झाली, काम मिळाले, आणि हजेरीही चुकली नाही. कायदा देशभर रद्द झाला तो 1952 मध्ये. तिथल्या माणसांना कुंपणाआड असताना कोणी क्षमाशील व्हा म्हटले असते तर तो अन्यायच ठरला असता. आधी तार निघायला हवी होती. म्हणून स्पष्ट लिहितो: कोणाच्या घरात छळ होत असेल, कोणाची फसवणूक झाली असेल, कोणाचा अपमान जातीवरून किंवा धर्मावरून झाला असेल, तर हा ठराव त्याला लागू नाही. तशा तक्रारी कार्यकारिणी ऐकेल आणि नाताळ आहे म्हणून मिटवा, असे म्हणणार नाही. पण हॉलची अनामत ही त्या प्रकारची गोष्ट नव्हे.

समेटाचे एक उदाहरण तर जवळचेच आहे: आपण ज्या भागात राहतो तिथून कॉव्हेंट्री फार लांब नाही. आपल्यातल्या बहुतेकांची मुले शाळेच्या सहलीने तिथे जाऊन आली आहेत. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत ते शहर उद्ध्वस्त झाले, पाचशेहून अधिक माणसे गेली, मध्ययुगीन कॅथीड्रलच्या फक्त भिंती आणि मनोरा उभा राहिला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, नाताळच्या दिवशी, तिथले प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच पडझडीतून बीबीसीवर बोलताना सूडाचा विचार मनातून काढायचा आहे, असे सांगितले. युद्ध तेव्हा ऐन भरात होते. पुढे त्याच कॅथीड्रलने जर्मनीतल्या शहरांशी नाते जोडले. ते भग्न अवशेष मुद्दाम तसेच ठेवले आणि शेजारी नवी वास्तू बांधली, ती 1962 मध्ये पूर्ण झाली. जुने पाडून टाकले असते तर जागा जास्त मिळाली असती. तसे केले नाही.

ख्रिस्ती पंथांनाही आपापसांत जुळवून घ्यायला वेळ लागलाच. उत्तर भारतातल्या निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एक करण्याची बोलणी 1929 मध्ये लखनौला सुरू झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली 29 नोव्हेंबर 1970 रोजी, नागपुरात. एकेचाळीस वर्षे. बाप्तिस्मा केव्हा द्यावा यावरचे मतभेद त्यांनी पुसले नाहीत, दोन्ही पद्धती चालू ठेवल्या आणि तरीही एक झाले. आपला वाद अजून चार महिन्यांचाही नाही.

आता उपस्थितीबद्दल. कोणाला दुखवण्यासाठी हे लिहीत नाही, पण लिहिलेच पाहिजे. मेळाव्याच्या दिवशी अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. ज्यांच्या घरी आजारपण होते किंवा ज्यांची भारतात जायची गडबड होती, त्यांच्याबद्दल काहीच म्हणणे नाही. पण ‘ते येणार असतील तर आम्ही नाही’ असे दोन्हीकडून कळवले गेले आणि त्यात भरडले गेले ते सोलापूरकर, ज्यांचा या वादाशी संबंधही नव्हता. त्यांनी आदल्या रात्री जागून कामट्यांची आणि रंगीत कागदाची मोठी चांदणी केली होती, आत दिवा सोडून ती हॉलच्या दारावर बांधली होती. फराळात करंज्या-शंकरपाळ्यांबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. ती मोठ्या प्रमाणात उरली. ढोलकी वाजवणाऱ्या काकांनी तरीही ठरलेली सगळी भजने म्हटली, एकही गाळले नाही.

त्या संध्याकाळची एक गोष्ट नोंदवून ठेवतो. ठराव वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. चहाच्या वेळी पथकातले एक गृहस्थ आणि भोजन समितीच्या एक ताई एकाच वेळी भांड्यापाशी आले. ताईंनी कप भरला, पुढे केला आणि विचारले, “साखर किती?” ते म्हणाले, “अर्धा चमचा.” दोघेही आपापल्या जागी गेले. याचा अर्थ सगळे मिटले असा आम्ही काढत नाही. त्यांची नावेही देत नाही, कारण दोघांनाही आपापल्या गटात जाब द्यावा लागेल, अशी आज परिस्थिती आहे. अशी परिस्थिती राहू नये, एवढ्यासाठीच ठराव होता.

काही सभासदांचा ठरावाला अजूनही विरोध आहे. त्यांनी तो वार्षिक सभेत जरूर मांडावा. त्यासाठी लेखी सूचना पंधरा दिवस आधी सचिवांकडे यायला हवी आणि चालू वर्षाची वर्गणी भरलेली हवी. बऱ्याच जणांची वर्गणी अजून बाकी आहे. अनामत माफ झाली म्हणजे वर्गणीही माफ झाली, असा समज कोणी करून घेऊ नये.

यापुढे हॉलची किल्ली घेताना आणि परत देताना दोन्ही समित्यांच्या एकेका प्रतिनिधीची सही लागेल. स्वयंपाकघर, स्वच्छतागृहे आणि पार्किंग यांचे फोटो आधी आणि नंतर काढले जातील. हा कोणावरचा अविश्वास नाही. किल्ली कोणाकडे होती, हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारावा लागू नये, म्हणून ही व्यवस्था आहे.

संक्रांतीचा कार्यक्रम 14 जानेवारीनंतरच्या पहिल्या शनिवारी त्याच हॉलमध्ये आहे. सोलापूरकरांसाठी हेच सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस, तेव्हा नंदीध्वजांच्या मिरवणुकीची चित्रफीत ते दाखवणार आहेत. त्यांनी नाताळ केला, आता त्यांच्या सिद्धेश्वराच्या यात्रेलाही आपण जायला हवे. तिळगूळ भोजन समिती करेल, खुर्च्या-टेबले पथक लावेल, आणि भांडी घासायच्या पाळीत दोन्हीकडची माणसे जोडीने असतील. ती यादी सचिवांनी केलेली आहे, कृपया परस्पर अदलाबदल करू नये.

गुळाच्या पोळ्यांसाठी अजून सहा घरे हवी आहेत. ज्यांना जमेल त्यांनी 5 जानेवारीपर्यंत सचिवांना कळवावे. उरलेली शेंगाची चटणी डब्यांत भरून ठेवली आहे, ती त्या दिवशी घरी नेता येईल. डबा मात्र प्रत्येकाने आपापला आणावा.

– कार्यकारिणीच्या वतीने, संपादक