20 भागांत संपते, हे काय थोडं?



"कोरियन मालिका बघून बायका बिघडतात," असं एका काकूंनी परवा ठणकावून सांगितलं. याच काकू सासू-सुनेची एकच मालिका चार वर्षं बघताहेत! कान भरणं, दुधात काहीतरी कालवणं, रोज नवं कारस्थान. ते चालतं?

'रिप्लाय 1988' बघा. 2015 साली आलेली, 20 भागांची. सोलमधल्या एका गल्लीतली पाच कुटुंबं. जेवायच्या वेळी मुलं भाजीची भांडी घेऊन या घरातून त्या घरात पळतात. खलनायिका कुणीच नाही. त्यातली एक आई बाहेरगावी जाऊन येते, तर घर चकाचक! आपल्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, म्हणून ती हिरमुसते. धाकट्या मुलाच्या ते लक्षात येतं, आणि मग घरातले पुरुष मुद्दाम घोळ घालून तिला हाका मारू लागतात. आपल्या मालिकांत घरच्या बाईकडे इतकं बारकाईने कोण बघतं?

त्यांच्या ताटात मांस असतं, हे खरं. पण पडद्यावर दिसलं म्हणून ते आपल्या ताटात येत नाही.

चिनी मालिकांचं मात्र सगळंच गोड नाही. 'स्टोरी ऑफ यान्शी पॅलेस'चे 70 भाग म्हणजे रेशमी कपड्यांतली आपलीच कारस्थानं. तरी तिथल्या सरकारने 2020 मध्ये मालिका 40 भागांच्या आत ठेवायला सांगितलं. आपल्याकडे टीआरपी असेल तर मेलेली माणसंही परत येतात.

काकू, तुमची कधी संपतेय?