सेवा आहे, पण मोरी तीच

पक्षाघातातून वाचलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा सोबत औषधांची चिठ्ठी असते, पथ्याचा कागद असतो, पुढच्या तपासणीची तारीख असते. आंघोळ कशावर बसून करायची, संडासातून उठताना काय धरायचं, सदऱ्याची बाही आधी कुठल्या हातात चढवायची, याबद्दल त्या कागदांत बहुधा अवाक्षर नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच प्रश्न समोर येतात आणि घरोघरी त्यांना एकच उत्तर मिळतं, ‘आम्ही आहोत ना करायला!’

या उत्तरातली माया खरी आहे. सासऱ्यांना न्हाऊ घालणारी सून, आईला उचलून बसवणारा मुलगा अशी माणसं महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचे कष्ट मोठे आहेत. पण करणारं कुणी असलं की घर बदलायची गरज उरत नाही, हा त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. संडासला जायला दर वेळी हाक मारावी लागणारी व्यक्ती काय करते? ती पाणी कमी पिते. घरातले कामावर गेले की दुपार कशी काढायची, याचा हिशेब ती सकाळच्या चहापासून मांडत असते. त्यातून बद्धकोष्ठ जडतो, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. मुलीच्या किंवा मुलाच्या हातून अंग धुऊन घेताना वाटणारा संकोच तर कितीही माया असली तरी जात नाही. आणि उचलणारं माणूस म्हणजे पुष्कळदा सत्तरीची बायकोच असते. तिचे गुडघेही त्याच वयाचे असतात.

दुसरा आक्षेप अधिक विचाराने घेतला जातो. दांड्या, खुर्च्या दिल्या की माणूस त्यांवर विसंबतो, अंग सोडतो. थोडे कष्ट पडू द्यावेत. हालचाल चालू राहायला हवी, हे खरंच. पण हालचाल साधनामुळे थांबत नाही, साधन नसल्यामुळे थांबते. भिंतीतली दांडी धरून जो स्वतः उठतो, त्याच्या पायांना प्रत्येक खेपेला काम मिळतं. ज्याला दोघं काखेत हात घालून उचलतात, त्याच्या पायांना काहीच मिळत नाही. १९६५ साली प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक आजही जगभरच्या पुनर्वसन विभागांत वापरतात. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना अशा दहा बाबींवर तो १०० पैकी गुण देतो. साधन वापरलं, पण दुसऱ्याची मदत घेतली नाही, तर ते स्वावलंबनच धरायचं, ही त्यातली मूळ सूचना आहे.

साधनाच्या आधाराने स्वावलंबन शिकवणारं हे शास्त्र आपल्याला परकं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू केली. तरीही आज बहुतेक कुटुंबांना फिजिओथेरपिस्ट ठाऊक असतो. आंघोळ, कपडे, स्वयंपाक यांचीच सोय पाहणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा दुसरा तज्ज्ञ मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

‘परवडत नाही’ आणि ‘जागा कुठे आहे’, या तक्रारी मात्र झटकून टाकण्यासारख्या नाहीत. चाकाची साधी खुर्ची साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद असते आणि शहरी घरातल्या न्हाणीघराचं दार कित्येकदा त्याहून अरुंद, त्यात उंबरा. चाळीत तर संडास व्हरांड्याच्या टोकाला आणि सामाईक. तरीसुद्धा पुष्कळ बदलांना जागा लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. दार बाहेर उघडणारं करून घ्यावं, कारण आत पडलेल्या माणसाचं अंग दाराला टेकलं की आत उघडणारं दार ढकलता येत नाही. टॉवेलची दांडी म्हणजे आधाराची दांडी, अशा समजात राहू नये. अंगाचा भार पडला की ती निखळते. ओल्या फरशीवर प्लॅस्टिकच्या साध्या खुर्चीचे पाय फाकतात, म्हणून रबरी बुडाचं भक्कम स्टूल हवं. बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवली की वाकावं लागत नाही. हँड शॉवर असेल तर तांब्याचीही गरज नाही. देशी भांड्यावर कमोड खुर्ची ठेवता येते. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधला की तो हातातून निसटून दूर जात नाही. बोटं पुरती मिटत नसतील तर ब्रशच्या आणि चमच्याच्या दांड्याला फोमची जाड नळी चढवावी. अधू हाताची बाही आधी घालावी आणि शेवटी काढावी. नाडीच्या जागी इलॅस्टिक, हुकांच्या जागी व्हेल्क्रो. मणक्याची इजा किंवा मधुमेह यांमुळे पायांची संवेदना गेली असेल, तर गरम पाणी आधी चांगल्या हाताने पाहिल्याशिवाय पायांवर ओतू नये. भाजलेलं त्या माणसाला कळतही नाही.

घर दवाखान्यासारखं दिसेल, असंही कुणी म्हणतं. दिसू दे.

ही सोय माणसाला कुठवर नेते, याचं उदाहरण कोल्हापुरात आहे. नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर ऐन किशोरवयात लुळं पडलं. पुढे त्यांनी नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. चाकाच्या खुर्चीतल्या मुलामुलींना अडथळ्यांविना वावरता यावं, असं वसतिगृह या संस्थेने बांधलं. तिथे बदललेली आहे ती इमारत.

साधनं सगळ्यांनाच पुरी पडणार नाहीत, हेही मान्य करायला हवं. अमेरिकेतले एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ पूर्ण लुळे होते. त्यांना कायम मदतनीस लागत. १९७२ साली बर्कलीत सुरू झालेल्या स्वावलंबी जीवन केंद्राचे ते अग्रणी. किती वाजता उठायचं, कोणी आंघोळ घालायची, कोणते कपडे घालायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं, हा त्यांचा आग्रह होता. हात दुसऱ्याचे असले तरी हुकूम आपला असावा, एवढं तर प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४ पासून ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकदा ३,००० रुपये जमा होतात आणि त्यातून घ्यायच्या वस्तूंत कमोड खुर्ची आहे. ती खुर्ची दारातून आत जाते का, हे पाहायला मात्र कुणी येत नाही. जपानमध्ये २००० सालापासूनच्या शुश्रूषा विम्यात दांड्या बसवणं, उंबरे काढणं, निसरडी फरशी आणि संडासाचं भांडं बदलणं, सरकतं दार लावणं ही कामं बसतात. काय बदलायचं आणि का, हे आधी लिहून द्यावं लागतं; २,००,००० येनपर्यंतच्या कामाचा मोठा वाटा मग विमा उचलतो. वयोश्रीच्या यादीतही वस्तूंसोबत ही कामं यावीत आणि ती ठरवायला तालुक्याला एक तरी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असावा. भाडेकरूंचा विचारही त्याच योजनेत व्हायला हवा, कारण पैसे हातात असूनही मालकाच्या परवानगीवाचून त्यांना भिंतीत दांडीसाठी चार भोकं पाडता येत नाहीत.