कुठे खायचं, कुठे फिरायचं : ही यादी आता आपण लिहू

गेल्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसातल्या नऊ-दहा जणांनी वेरूळ-अजिंठ्याची सहल ठरवली. मी त्याच भागातला, म्हणून जेवणाची ठिकाणं सुचवायचं काम माझ्याकडे आलं. मी चार ठिकाणं लिहून दिली. एक थाळीचं हॉटेल, एक जुन्या शहरातलं नान-खलियाचं दुकान, एक मटणाची खानावळ आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी संध्याकाळी लागणारी वजडी-भाकरीची गाडी. ती गाडी एक मावशी चालवतात. ज्वारीची भाकरी समोर थापून देतात. वजडी इतकी स्वच्छ धुतलेली असते की पहिल्यांदा खाणाराही तोंड वाकडं करत नाही.

दोन दिवसांनी पक्की यादी छापून सगळ्यांच्या हातात आली. तीत फक्त थाळीचं हॉटेल उरलं होतं. बाकी तिन्ही जागी ‘शुद्ध शाकाहारी’ पाट्यांची हॉटेलं आली होती. मी विचारलं तर हसत उत्तर मिळालं, "अरे, फॅमिली आहे बरोबर. आणि लोकांना तिथलं ऑथेंटिक खायचंय."

मित्रांनो, ही सगळी मंडळी शाकाहारी असती तर माझी तक्रार नव्हती. यातले निम्मे जण महिन्याच्या पार्टीला चिकन चापतात. म्हणजे अडचण मांसाची नव्हती. अडचण वस्तीची होती, रांधणाऱ्या हाताची होती. आणि ‘ऑथेंटिक’ हा शब्द ऐकून तर मी गप्पच झालो. ज्या मातीत मावशीच्या चार पिढ्या राबल्या त्या मातीतली त्यांची भाकरी ऑथेंटिक नाही, तर मग कोणाची आहे?

यादी कोण करतं?

कुठे खावं, कुठे फिरावं हे एकमेकांना सांगणं वरवर निरुपद्रवी वाटतं. खवय्यांचा छंद, त्यात कसलं आलंय राजकारण? पण यादी म्हणजे निवड, आणि निवड कोणाच्या तरी जिभेने, कोणाच्या तरी नाकाने होते. ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणून बाहेरच्या पाहुण्याला काय सांगितलं जातं ते आठवा. साबुदाणा खिचडी, थालीपीठ, अळूची भाजी, पुरणपोळी, मोदक. सगळे पदार्थ चांगले आहेत, मीही आवडीने खातो. पण 2014 च्या सरकारी नमुना पाहणीत या राज्यातली जवळपास साठ टक्के माणसं मांसाहारी निघाली होती. त्या साठ टक्क्यांना यादीत कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, मालवणी मासे आणि नागपूरचं सावजी एवढ्यावर बोळवलं जातं. वजडी, रक्ती, मुंडी, पाया, सुकवलेल्या मांसाच्या चान्या, वाटीभर तेलाची चैन परवडत नाही म्हणून येसूर घालून दाट केलेलं कालवण यांचं नावही नसतं.

शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघराची नोंद केली. पुस्तकाचं नावच उत्तर आहे. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या संस्कृतीने ज्यांच्या ताटात उष्टं आणि शिळं वाढलं, त्यांचं अन्न पूर्ण कसं असेल? हे पुस्तक 2015 साली मराठीत आलं आणि 2024 मध्ये इंग्रजीत. इंग्रजीत आल्यावर मोठमोठ्या शहरांत त्याची चर्चा झाली. पण आपल्या किती पोरांनी ते मराठीत वाचलं? स्वतःला विचारा.

बाबासाहेबांचा प्रवास आठवा

"खाण्याफिरण्यात जात कशाला आणता?" असं विचारणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. जात आम्ही आणली नाही, ती आमच्याआधी तिथे जाऊन बसली होती.

1901 साली लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडं दिलं तेव्हा एकाने गाडी दिली, पण हाकायची पोरांनी आणि गाडीवान चालणार बाजूने. डबा बरोबर होता, पाणी मात्र कोणी दिलं नाही. भरल्या डब्यासमोर ती पोरं उपाशी झोपली. प्रवासात ‘कुठे पाणी मिळेल’ ही माहिती नसण्याची किंमत बाबासाहेबांनी नवव्या-दहाव्या वर्षी मोजली.

आणि आमची सहल जिथे जाणार होती त्याच रस्त्याने 1934 साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत अपमान नको म्हणून त्यांनी ओळख न सांगता प्रवास करायचं ठरवलं होतं. बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषद गाजवून आलेला माणूस, आणि फिरायला जाताना ओळख लपवावी लागते! दौलताबादच्या किल्ल्यापाशी धुळीने माखलेल्या या मंडळींनी हौदावर हातपाय धुतले, आणि पाणी बाटवलं म्हणून जमाव अंगावर आला. तो जमाव मुसलमानांचा होता, हेही बाबासाहेबांनी स्पष्ट लिहून ठेवलं. शेवटी किल्ला पाहू दिला, पण कुठे पाण्याला शिवू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

म्हणूनच संविधानाच्या कलम 15 च्या दुसऱ्या पोटकलमात दुकानं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचा उल्लेख का करावा लागला? कारण हॉटेलाच्या दारात माणुसकी अडवली जात होती.

शाहू महाराजांची शिफारस

‘अमुक ठिकाणी जाऊन चहा प्या’ ही साधी शिफारस किती मोठं काम करते हे आपल्याला कोल्हापूरने शिकवलं. गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावलं आणि ‘सत्यसुधारक’ हॉटेल उभं राहिलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवायचे, चहा मागवायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. नुसता ठराव करून ते थांबले नाहीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कप तोंडाला लावला.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी हेच काम संघटितपणे केलं. 1936 साली व्हिक्टर ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कच्या टपाल कर्मचाऱ्याने ‘ग्रीन बुक’ काढलं. कोणत्या गावात काळ्या प्रवाशाला खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे गाडीत पेट्रोल भरता येईल याची ती यादी. जवळपास तीस वर्षं ती निघत राहिली. टपाल खात्यातले ओळखीचे लोक आणि साधे प्रवासी त्याला माहिती पुरवायचे. पँथर हे नाव आपण तिकडून घेतलं. ही यादी घ्यायची मात्र राहून गेली.

पाटी बदलली, प्रश्न तोच

कोणी म्हणेल, ते दिवस गेले. आता हॉटेलात कोण जात विचारतो? खरं आहे, शहरातल्या हॉटेलात सरळ विचारत नाहीत. पण होम-स्टेचं बुकिंग करताना आडनाव ऐकून "त्या तारखेला जागा नाही" झालेलं मी स्वतः अनुभवलंय. त्याच तारखेला मित्राच्या आडनावाने जागा मिळाली. मार्च 2024 मध्ये झोमॅटोने ‘शुद्ध शाकाहारी’ ग्राहकांसाठी हिरव्या कपड्यांतल्या वेगळ्या डिलिव्हरीवाल्यांची घोषणा केली. टीका झाल्यावर हिरवा गणवेश दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला. डबा बंद, पिशवी बंद, तरी विटाळ होतोच! हा विटाळ आरोग्यशास्त्रातला नाही, तो कुठून आला हे तुम्हाला सांगायला नको.

आपलंही चुकतं

आता थोडं आपल्या घरात बघू. आपली पोरं कॅफेतल्या कॉफीचे फोटो टाकतात. पास्त्याचे, पिझ्झाचे टाकतात. घरी रविवारी आईने केलेल्या मुंडीचा फोटो किती जण टाकतात? "लोक काय म्हणतील" हे वाक्य आपल्याही तोंडात आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, बाबासाहेबांनीच 1927 साली महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, मग त्या खाण्याचा उदोउदो कशाला? इथे नीट समजून घेऊ. बाबासाहेबांनी लाचारी सोडायला सांगितली. गावाने फेकलेलं, हक्क म्हणून गळ्यात बांधलेलं ते मढं सोडा म्हणाले. स्वतःच्या पैशाने ताजं मटण आणून, वाया जाणारा भागही चवदार करणाऱ्या आईची लाज वाटू द्या असं ते कधी म्हणाले नाहीत. जे लादलं गेलं ते सोडायचं, जे आपल्या हातांनी घडवलं ते अभिमानाने सांगायचं.

दुसरे म्हणतील, नोकऱ्या जातायत, शिष्यवृत्त्या अडकतायत, अत्याचार होतायत, आणि तुम्ही खाण्याच्या गप्पा मारता? अहो, त्या वजडीच्या गाडीवर मावशींच्या दोन मुलींचं शिक्षण चालू आहे. दहा गिऱ्हाईकं वाढली तर ती एका कुटुंबाची शिष्यवृत्तीच. नागपुरात उलट्या मडक्यावर लंबी रोटी भाजणाऱ्या बाया बघा. हातावर ताणून मडक्यावर पसरायचं ते कसब भल्याभल्या शेफला जमत नाही. त्याचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. पण व्हिडिओत त्या बाईचं नाव किती वेळा येतं? रोटी प्रसिद्ध होते, बाई निनावी राहते. उद्या तीच रोटी मोठ्या हॉटेलात पाचपट किमतीला मिळेल आणि शोध लावल्याचं श्रेय भलताच कोणी घेईल.

मग करायचं काय?

यादी लिहायची. प्रत्येकाने आपल्या गावाची, आपल्या वस्तीची. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून मीच सुरुवात करतो.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. त्यानुसार दिवस ठरवा. वेरूळला गेलात की गाइड तुम्हाला थेट सोळा नंबरच्या कैलास लेण्याकडे ओढतो. त्याला थांबवा. एक ते बारा ही लेणी बौद्ध आहेत, तिथून सुरू करा. दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. ती झोपडी नाही, चैत्य आहे, आत भगवान बुद्धांची मूर्ती आहे. मुलांना ते नाव आणि ती गफलत दोन्ही सांगा. परतताना दौलताबादला उतरा आणि 1934 ची गोष्ट तिथेच उभं राहून सांगा. शहरात बीबी का मकबरा पाहून सगळे परत फिरतात. तुम्ही पुढे विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी पाहा. गर्दी नसते, शांत बसता येतं. आणि बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेलं मिलिंद महाविद्यालय, तो नागसेनवनाचा परिसर पाहिल्याशिवाय शहर सोडू नका. जेवायला जुन्या शहरात नान-खलिया आहेच. संध्याकाळी मात्र कोणत्याही वस्तीत जा आणि विचारा, "इथे भाकरी चांगली कोणाची?"

लिहिताना एवढं पाळा. कोण रांधतं ते त्यांच्या परवानगीने नावानिशी लिहा, विशेषतः बाईचं नाव. काय मिळतं, किती रुपयांत, किती वाजता, ते लिहा. बाईमाणूस एकटी जाऊन बसू शकते का, ते लिहा. राहण्याच्या ठिकाणी आडनाव विचारतात का, ते लिहा आणि पुरावा जपून ठेवा. अस्वच्छ असेल तर अस्वच्छ लिहा. आपला माणूस म्हणून खोटं कौतुक करू नका, त्याने धंदा सुधारत नाही. आणि परवानगीचं म्हणतो ते उगाच नाही. 2015 च्या कायद्यानंतर या राज्यात बैलाच्या मांसावरही बंदी आहे, आणि कायदेशीर म्हशीचं मांस विकणाऱ्यालाही झुंड गाठते. तुमच्या उत्साहाची किंमत एखाद्या गरिबाच्या गाडीने मोजता कामा नये.

सहलीहून परत आल्यावर ऑफिसातली एक सहकारी माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "त्या गाडीवर मी एकटीच जाऊन आले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. बाकीच्यांना नको सांगूस."

मी तिला म्हटलं, "मी नाही सांगणार. तूच सांग."

जय भीम!